बाबांवर ठेवलेली पाळत

कँपेर, ६ एप्रिल

प्रिय रोझेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकून देशील, अशी मला शंका आहे. शंका घेणं हा माझा जुनाच धंदा. फोडलंसच तर शेवटपर्यंत वाच. आठ वर्षांनी तुझी थोरली बहीण लिहितेय, आणि बाबांना यातलं काही माहीत नाही.

गेले तीन आठवडे बाबांचं लक्षण मला ठीक दिसेना. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेवण झालं की खुर्चीत डुलकी, हा त्यांचा क्रम. ते अचानक दाढीबिढी करून, निळा स्वेटर चढवून भर दुपारी बाहेर पडायला लागले. कुठे निघालात म्हटलं, तर "पाय मोकळे करून येतो." संध्याकाळी परत येताना तोंडावर असं हसू, की माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना कुणीतरी नादी लावलंय, आणि उद्या आईच्या जागी भलतीच कुणी येऊन बसणार, असं मी धरूनच चालले.

मग मी पाळत ठेवली. पहिल्याच दिवशी बाबा चक्क पर्यटकांच्या त्या पांढऱ्या छोट्या गाडीत चढले. "पायांना काय झालंय म्हणून यात बसतात हे लोक?" असं जन्मभर विचारणारे बाबा, कानाला यंत्र लावून आपल्याच गावाची माहिती ऐकत होते. दुसऱ्या दिवशी कॅथेड्रलमध्ये. दाराशी उभे राहिले, मग काठी टेकत टेकत उकिडवे बसले आणि आपल्या कॅथेड्रलचं ते डावीकडे वाकलेलं अंग खालून बघत राहिले. दोन बायका त्यांना उचलायला धावल्या. "पडलो नाहीये हो, बघतोय," म्हणाले. मी खांबाआड. कुणाची तरी वाट बघतायत याबद्दल माझी खात्रीच पटली.

तिसऱ्या दिवशी लोण्याच्या चौकात, जोसिकच्या दुकानात. जोसिक तुला आठवत असेल, शाळेत माझ्या बाकावर बसायची. आता क्रेपची पातळ धिरडी करून करून तिचे दंड पैलवानासारखे झालेत. बाबा गेल्यावर मी आत शिरले. तीच म्हणाली, "आनैग, तुझ्या बापाला डॉक्टरकडे ने. चॉकलेट, आइस्क्रीम आणि वर फेटलेली साय घालून क्रेप मागितला. मी म्हटलं, एर्वेकाका, तुम्ही पॅरिसवाले कधी झालात? तर म्हणतो, गप गुमान वाढ." आणि सोबत आपली नेहमीची सिडर दारू नाही, सफरचंदाचा रस! त्याची चव घेऊन बाबांनी एका वहीत काहीतरी लिहिलं म्हणे. ज्या माणसाने माझ्या लग्नातसुद्धा लोणी-साखरेपलीकडे क्रेपवर काही पडू दिलं नाही, तो हा. मी मनाशी म्हटलं, बाई गोडखाऊ आहे आणि दारूला शिवत नाही. म्हणजे चांगलीच पोचलेली असणार.

पण खरा धक्का लॉकमारियात बसला. बाबा तिथल्या एका चिनीमातीच्या कारखान्यात गेले नि चिठ्ठी देऊन आले. दुसऱ्या दिवशी मी तिथल्या रंगवणाऱ्या बाईंना गाठलं आणि बाबांनीच पाठवलंय अशी थाप मारली. दोन कानांचा वाडगा, वर नाव घालून. आता तुला काय सांगू, नावाचा वाडगा आपण पाहुण्याला देत नाही. तो घरच्या माणसाचा. नाव काय, विचारलं. "ब्लेवेन." बाबांच्या वयाच्या बायका इव्हॉन असतात, जान असतात. ब्लेवेन म्हणजे फार तर तिशीची. मी तिथेच भिंतीला टेकले. बाई ब्रश खाली न ठेवता म्हणाल्या, "आणि बरं झालं तुम्ही आलात. लहान मापाचा म्हणाले होते, पण मूल केवढं आहे ते सांगायचं राहिलं."

घरी येऊन मी बाबांच्या कोटाचे खिसे तपासले. होय, तेही केलं. तुझं पत्र सापडलं. बाराव्या तारखेची लिऑंहून येणारी गाडी, सहा वर्षांच्या तुझ्या मुलीचा, ब्लेवेनचा, फोटो, आणि खाली रेघ मारलेली ती ओळ: "आनैगला आधी सांगू नका. तिला कळलं तर मी येणार नाही." ती ओळ मी पलंगाच्या कडेवर बसून किती वेळ वाचली, कोण जाणे. ती छोटी गाडी, खाली बसून बघणं, तो क्रेप, सगळी नातीसाठीची रंगीत तालीम होती. राग आला नाही. लाज वाटली.

आईच्या मातीच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला पिशवी उघडायला लावली. आईचा सणासुदीला डोक्यावर घालायचा लेसचा टोप कपाटात नव्हता, आणि तो तूच उचललास याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तू पिशवी पालथी केलीस. दोन स्वेटर, एक कंगवा, रात्रीच्या गाडीचं तिकीट. मग बाबा म्हणाले की शवपेटीचं झाकण लावायच्या आधी त्यांनीच तो आईच्या केसांवर बांधला होता. मी तेव्हा खाली कॉफीचे पेले मांडत होते. आणि मी काय म्हणाले? "मग आधी सांगायला काय झालं होतं?" त्यांनाच. तुझ्याकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, रोझेन. मला माफ कर. मला कळलंय हे तुला न कळवता, बाराव्या तारखेला दारात हसत उभं राहणं मला सहज जमलं असतं. पण मग तुला फसवल्यासारखं झालं असतं. तुझी अट मी मोडली, तिची शिक्षा बाबांना नि त्या पोरीला देऊ नकोस. मी नको असेन तर एका ओळीत कळव. बाराव्या तारखेला सकाळी साडेआठच्या बसने मी काँकार्नोला चुलत बहिणीकडे जाईन, तू परत जाईपर्यंत येणार नाही. तिचा गुडघा दुखतोय असं बाबांना सांगेन. त्यांना ते खरं वाटेल. ते माझ्यासारखे नाहीत.

तू ठेवशील तशी तुझीच,
आनैग