सदतीस निळे

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्याने लिहून ठेवलेलं बरं. मुंबई हेड ऑफिसने कंपनीची वेबसाइट नव्याने करायचं काम आमच्या रत्नागिरी ऑफिसला दिलं. म्हणजे मला. पंपांची कंपनी, सहाशे डीलर, वेबसाइटची चार हजार पानं. मोजले, निळे रंगच सदतीस प्रकारचे आहेत! आधी डिझाइन सिस्टिम करणार, म्हणजे रंग, बटणं, अक्षरं यांची एक पक्की नियमावली. मग पानं आपोआप होतील. पाडव्याला लाँच. वेळ भरपूर.
संकल्प: रोज सहाला उठणे.

७ जानेवारी
साडेआठला उठलो. थंडी.

२३ जानेवारी
निळा ठरत नाही. सावनीला दोन निळे दाखवले. म्हणाली, दोन्ही एकच आहेत. बायकोला दोष नाही, स्वयंपाकघरात उजेड कमी. नम्रता विचारते, पानं कधी? ही आमची प्रोग्रॅमर. हुशार, पण घाई फार. म्हटलं, आधी पाया. म्हणाली, तीन आठवडे पायाच खणतोय आपण. तिला व्हिजन कमी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
युजर रिसर्च. हातखंब्याला काशीरामकडे गेलो. बावीस वर्षं आमचे पंप विकतोय. दीड तास चर्चा, त्यात सव्वा तास मी बोललो. तो एवढंच म्हणाला, साहेब, पार्ट नंबर टाकला की पार्ट दिसला पाहिजे, बाकी तुम्ही काय ते करा. मग वडापाव. वहीत नोंद केली: युजर समाधानी.

२७ फेब्रुवारी
निळा ठरला! नियमावली एकशे बारा पानी झाली. नम्रताने अजून उघडलेली नाही.
वेबसाइटची झालेली पानं: नऊ. शिल्लक: तीन हजार नऊशे एक्क्याण्णव.

१३ मार्च
शिमगा. ऑफिस रिकामं. सगळे गावी पालखीला, नम्रता गुहागरला. मी एकटा. ठरवलं, आज दोनशे पानं. संध्याकाळपर्यंत दोन झाली. मग नेट गेलं.

२४ मार्च, सोमवार
उल्का मॅडमचा फोन, हेड ऑफिसमधून. तयार ना? म्हटलं, ऐंशी टक्के. नम्रता शेजारीच होती.
मग निर्णय घेतला. चार हजार पानं वाचतं कोण? चाळीस ठेवली. यालाच साधेपणा म्हणतात. पार्ट नंबर नियमावलीतल्या चौकटीत मावत नव्हता, काढला. नम्रता म्हणाली, तो नका काढू. तिला नियमावलीचं पान चौसष्ट दाखवलं. जुनी साइट पुसून टाकायला सांगितलं, परतीचा रस्ता असला की माणूस ढिला पडतो. म्हणाली, हे मेलवर लिहून द्या. दिलं. माणसांचा एकमेकांवर विश्वास राहिला नाही.

३० मार्च, पाडवा. सकाळी १०
लाँच! फार देखणी झालीय. श्रीखंड दोनदा घेतलं.

दुपारी ४
अडतीस तक्रारी. बदल लोकांना आधी खुपतोच.

२ एप्रिल
तक्रारी एक हजार चाळीस. जेवण जात नाही. सावनीला सांगितलं, उन्हाने.

४ एप्रिल, शुक्रवार
काशीराम ऑफिसात आला. हातात फडक्यात गुंडाळलेला पंपाचा फुटका सील. पालीच्या गंगाबाईंचा पंप पाच दिवस बंद आहे. एकट्या बाई, यंदाच लावलेली साठ आंब्याची कलमं, आणि हे ऊन. घागरीने किती पाणी घालणार, म्हणाला. सील आमच्याच गोडाउनमध्ये पडलाय, पण साइटवर ऑर्डर पडल्याशिवाय गोडाउनवाले देत नाहीत. आणि ऑर्डर पडत नाही.
म्हटलं, थांब, मी दाखवतो. वीस मिनिटं शोधलं. पहिल्या पानावर मी टाकलेला धबधब्याचा फोटो तीनदा आला. सील आला नाही. काशीराम म्हणाला, रंग मात्र बरा आहे हो. मनापासून म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
नम्रताने गोडाउनला फोन लावला, स्कूटर काढली आणि अर्ध्या तासात सील आणून त्याच्या हातात ठेवला. मी दार उघडून धरलं होतं.

५ एप्रिल
काशीरामला फोन केला. पंप चालू झाला. बावीस कलमं गेली. म्हटलं, गंगाबाईंना भेटून येतो. म्हणाला, कशाला साहेब, तुम्हाला बघून त्यांना काय होणार?
गेलो नाही. ऊन होतं.

७ एप्रिल, सोमवार
उल्का मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, साइट आता नम्रता बघेल, दोन महिने लागतील. तोवर डीलरच्या ऑर्डरी फोनवर. फोनवर मी.
एका अर्थी चांगलंच. डिझाइनरला थेट ग्राहकाशी बोलायची संधी कुठे मिळते? हे वाक्य सावनीलाही ऐकवलं. ती भाजी निवडत होती.

११ एप्रिल, शुक्रवार
एकशे सहा फोन. शेवटचा हेदवीहून, कुणी वयस्कर डीलर. त्यांनी पार्ट नंबर सांगितला. मी शोधत राहिलो, ते फोन धरून राहिले. सात मिनिटं. मग हळूच विचारलं, नवीन लागलात का हो?
कंपनीत अकरा वर्षं झाली. हो म्हणालो.
म्हणाले, मग असं करा, तिथे नम्रता म्हणून कुणी आहेत, त्यांना विचारा.
विचारलं.