टर्बो गार होईपर्यंत

८ मार्च, रविवार. सकाळी ७.
संकल्प: आपल्या गाडीच्या इंजिनाचा साद्यंत इतिहास लिहायचा. रिटायर झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालत बसतात. मी काहीतरी भरीव करणार. रोज दोन पानं.
निमित्त असं की ३ एप्रिलला गाडीला पंधरा वर्षं पुरी होतात, रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागेल. कागदोपत्री ती दादाच्या नावावर आहे, पण ती तांत्रिक बाब. इंजिन जन्माने इटालियन. तेराशे सीसी, चार सिलिंडर, टर्बो डिझेल. आपल्याकडे दोन-तीन कंपन्यांनी हेच इंजिन आपापली नावं लावून विकलं. म्हणजे ते नक्की कोणाचं, हे त्यांनाही धड सांगता यायचं नाही. मग बोरीवलीत बसून आपण कशाला डोकं शिणवायचं?
कुंदा म्हणाली, डोकं नका शिणवू, मुलुंडला सुगंधावहिनींना फोन करा. हिला इतिहासात रस नाही.

१० मार्च.
टर्बोची कल्पना एका स्विस इंजिनिअरची, साल १९०५. सुपरचार्जर त्याच्याही आधीचा. दोघंही इंजिनात जादा हवा कोंबतात. पण सुपरचार्जर त्यासाठी इंजिनाचीच ताकद खातो, टर्बो मात्र वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. कोणाचं काही घेत नाही. मी टर्बो स्वभावाचा माणूस आहे. दादाकडे गाडी नुसती उभी असायची. २०१९ मध्ये कोकणात जायला आठ दिवसांसाठी आणली, ती इथे कामाला आली, इतकंच.
दुपारी आरटीओच्या एजंटला भेटलो. मालकाची सही आणा, म्हणाला. मालक सध्या उपलब्ध नाहीत, असं सांगितलं.
घरी येऊन हे कुंदाला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता उठून आत गेली. दादाला जाऊन चार महिने झाले, हे मलाही ठाऊक आहे. एजंटला सगळं कशाला सांगायचं?

१४ मार्च, शनिवार.
मुलुंडला जायचं नक्की. मात्र पल्ला लांबचा, गाडी आधी तपासलेली बरी. मेकॅनिक मुकुलकडे नेली. त्याने बॉनेट उघडून दहा मिनिटं पाहिलं. काका, झकास आहे, बिनधास्त जा, म्हणाला. मी म्हटलं, नीट बघ, शिट्टी वाजतेय. म्हणाला, टर्बोची शिट्टी येणारच ना काका. मी हटलो नाही. शेवटी वैतागून त्याने एक चांगला होस पाइप काढला आणि दुसरा चांगला होस पाइप बसवला.
नवा पाइप सेट व्हायला थोडे दिवस द्यावेत, असं माझं मत आहे. मुकुलचं तसं मत नाही.
इतिहास: पान दीड.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.
दादाने गाडी घेतली तीही पाडव्यालाच, त्या वर्षी तो एप्रिलात आला होता, म्हणून आज मुलुंड. बरोबर पिशवीभर चिकू. अकराला दादाच्या बिल्डिंगखाली पोचलो.
टर्बोवाल्या गाडीचा नियम असतो. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. टर्बो तापलेला असतो, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवून त्याला गार होऊ द्यायचं. ठेवलं. ऊन जास्त होतं म्हणून थोडं जास्त ठेवलं. वॉचमनने येऊन विचारलं, कोणाकडे जायचंय? मी म्हटलं, टर्बो गार होतोय. वीस मिनिटांनी तो परत आला. अजून नाय झाला काय, म्हणाला.
सगळ्या बाल्कन्यांत गुढ्या होत्या. चौथ्या मजल्यावर, दादाच्या बाल्कनीत, नव्हती. आमच्याकडेही नाही. वर्षाच्या आत करत नाहीत.
चाळीस मिनिटांनी निघालो. सणाच्या दिवशी दुःखाच्या घरी जाऊन त्यांना आणखी त्रास कशाला? घरी सांगितलं, वहिनी झोपल्या होत्या. कुंदाने चिकूची पिशवी पाहिली आणि आत नेऊन रिकामी केली.

२२ मार्च, रविवार.
नोंद असावी म्हणून लिहितो. दादा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा पंधरा दिवसांत त्याने मला अकरा फोन केले. मी एकही उचलला नाही. कारण उघड होतं, तो गाडी परत मागणार होता. आजारी माणसाशी वाद घालू नये, हा माझा नियम. कुंदा बसने दोनदा जाऊन त्याला भेटून आली. दोन्ही वेळा तिने त्याला सांगितलं, हे येणारच आहेत.
शेवटच्या दिवशी मी निघालो होतो. क्लच जड लागत होता, म्हणून हळू चालवली. पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती.
क्लच खरंच जड लागत होता.

२५ मार्च.
आज लिखाण नाही. टर्बोवर एक ओळ लिहिली आणि खोडली.

२९ मार्च, रविवार.
कुंदा सकाळी तयार होऊन खाली गेली आणि गाडीत जाऊन बसली. चला, एवढंच म्हणाली. मुलुंडला पोचल्यावर मी इंजिन चालू ठेवलं, तर तिने हात पुढे करून किल्ली फिरवली.
वहिनी म्हणाल्या, या भावजी. चहा केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रजिस्ट्रेशनचा विषय काढायच्या आधीच त्यांनी कपाटातून एक पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. आत गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, एकोणतीस आणि तीस नंबरचे. घेणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव. खाली दादाची सही, वाकडी झालेली. तारीख २१ ऑक्टोबर.
पहिला फोन त्याच दिवशीचा.
वहिनी म्हणाल्या, कुंदाकडे द्या म्हटलं तर ऐकेनात. नंदू येईल, त्याच्या हातात मीच देईन, म्हणायचे. हेही म्हणायचे, गाडी मी त्याला कधीच देऊन टाकली, तोंडाने सांगायचं राहिलं, आणि तो वेडा उगाच चोरासारखा वापरतोय. मग म्हणाल्या, यायचं होतंत हो एकदा.
मला रडू आलं. दोघींसमोर आलं. चहाचा कप कुंदाने हातातून काढून घेतला.

३० मार्च, सोमवार. दुपारी २.
एजंटने फॉर्म पाहिले. मालक आहेत ना, विचारलं. मी पहिल्यांदाच सांगितलं, माझा भाऊ वारला. त्याने फॉर्म परत केले. मयत माणसाची सही चालत नाही काका, हे आता रद्दी. ऑक्टोबरात आणले असते तर काही प्रॉब्लेम नव्हता. आता एकतीस नंबरचा फॉर्म, आधी गाडी वहिनींच्या नावावर, मग पुढचं पुढे. ३ तारखेच्या आत काही होत नाही, तोवर गाडी उभी करून ठेवा.
जुने फॉर्म मी खिशात ठेवले. नवा घेऊन तिथल्याच बाकावर भरायला बसलो. मालकाचं नाव लिहिलं. गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं न बघता लिहिलं. मग मृत्यूची तारीख. पाच नोव्हेंबर की सहा, मला आठवेना.
वहिनींना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. तारीख सांगितली. मग, मी न विचारता, वेळही सांगितली.
फॉर्मात वेळेला जागा नव्हती.