चिंधी बांधलेली काकडी

तीर्थरूप ताईस, साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी अजूनही औषधाच्या गोळ्या गुपचूप कुंडीत टाकतात का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे, आणि परसबाग तर माझ्यापेक्षाही धडधाकट आहे.

तुझी भावजय लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हापासून बाग माझ्या ताब्यात आहे. जाताना ती एवढंच म्हणाली, "फक्त पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका." जन्मभर अख्खी कचेरी सांभाळलेल्या माणसाला हे सांगायचं! मी अर्थातच मनावर घेतलं नाही. माझा हात लागला आणि टोमॅटो, मिरच्या, काकड्या ठेवायला घरात जागा उरेना. (लावलं तिने, हे कबूल, पण पिकलं माझ्या कारकिर्दीत.) शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना रोज पिशवीभर नेऊन देऊ लागलो. आधी त्यांनी आभार मानले, मग नुसती मान हलवली, आणि आता मी फाटकाशी दिसलो की ते आतून कडी लावून घेतात. भलेपणाचे दिवस राहिले नाहीत, दुसरं काय.

मग ठरवलं, सगळं टिकवून ठेवायचं. टोमॅटोचा रस आटवायला ठेवला आणि जरा पेपर वाचत बसलो, तर तो आटायच्या ऐवजी उडाला. छतापर्यंत. रंगाऱ्याला बोलावलं, तर त्याने भिंत पाहिली, मला पाहिलं आणि हळूच विचारलं, "वहिनी सुखरूप आहेत ना?" मिरच्या चिरल्यावर डोळा चोळू नये हे मला चांगलं ठाऊक होतं, पण डोळ्याला ते ठाऊक नव्हतं. असो.

काकड्यांचं लोणचं मात्र असं जमलं की मीच माझी पाठ थोपटली. मीठ, सिरका, मोहरी, सगळं अंदाजाने. (अंदाज रक्तातच असावा लागतो.) बरणीत थोडी जागा उरली म्हणून वेलाच्या मांडवाखाली पाहायला गेलो, तर कोपऱ्यात ही एवढी पिवळीधमक काकडी, देठाला लाल चिंधी बांधलेली! मला वाटलं, बायकोने खास माझ्यासाठी राखली आहे. तोडली. जून निघाली. बिया दाताखाली येतील म्हणून खरवडून मोरीत सोडून दिल्या आणि फोडी बरणीत भरल्या.

संध्याकाळी हिचा फोन. नातवाचं कौतुक झालं, माझ्या जेवणाची चौकशी झाली आणि शेवटी म्हणते, "बियाण्याची काकडी जपताय ना? आईंच्या बियाची आहे." मी म्हटलं, "वेलावर अगदी मजेत आहे." बोलताना जीभ अडखळली नाही गं, पण फोन ठेवल्याबरोबर मोरीची जाळी उचकटून पाहिली. एकही बी उरलं नव्हतं. दर हंगामात एक काकडी राखून आईने जन्मभर ते बी जपलं. तिच्या हातचं तेवढंच या घरात उरलं होतं, आणि मी ते मोरीत सोडलं. फार वाईट वाटलं. दोन घास कमीच जेवलो. (लोणचं मात्र दोनदा घेतलं, ते खरंच उत्तम झालं आहे.)

बाकी काळजीचं कारण नाही. परिस्थिती पूर्ण माझ्या काबूत आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा,
ढब्बू

ता. क. तुझ्या अंगणातल्या काकड्या आईच्याच बियाच्या ना? चिमूटभर बी पाकिटात घालून लगेच पाठव. पत्ता भावोजींना लिहायला सांग, तुझं अक्षर ही ओळखते.

आणखी एक ता. क. तोवर बाजारातून एक जून काकडी आणून चिंधीने वेलाला बांधून ठेवली आहे. लांबून कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही.

वन्सं, नमस्कार. मी आज दुपारीच परत आले. हे बाजारात पाकीट आणायला गेलेत आणि पत्र बरणीखाली उघडंच आहे. बाजारची काकडी यांनी देठ खाली करून टांगली आहे. तुम्ही बी पाठवू नका. लग्नानंतर पहिल्याच हंगामात सासूबाईंनी मला कानमंत्र दिला होता, "चिंधी एकीला बांधायची, बी दुसरीचं धरायचं." मामंजींच्या तावडीतून त्यांनी ते असंच वाचवलं. खरी काकडी भोपळ्याच्या पानांआड सुखरूप आहे. यांना मात्र इतक्यात कळवू नका. तीस वर्षांत पहिल्यांदाच, मी घरात पाऊल टाकल्याबरोबर यांनी मला चहा करून दिला.