पुलापलीकडचं दार

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लेकीचे दिवस भरत आले, आणि पुलाच्या पहिल्या खांबापाशी तुझे पाय अजून जड होतात, हे वाचून जीव कासावीस झाला. लेक लग्न करून पुलापलीकडे राहायला गेली, त्याला दीड वर्ष झालं की गं!

दात काढता काढता मी जादूटोणा कधी शिकलो, असं विचारतेस. संमोहन म्हणजे जादू नव्हे, झोपही नव्हे. भाजी हलवताना मन भलतीकडेच जातं आणि हात आपला आपला चालत राहतो ना, त्यातलाच प्रकार. लक्ष एका जागी स्थिरावतं, बाकीचं जग मागे सरतं, आणि तेव्हा हळू सांगितलेलं आत खोल उतरतं. सुईला घाबरणारे माझे काही पेशंट असे निवांत होतात. सगळ्यांना जमत नाही, आणि जमलं तरी मनाविरुद्ध कुणी काही करत नाही.

पुलाची भीती जावी म्हणून सोबत एक कागद आहे. डोळे मिटून पड, भाऊजींना तो वाचू दे. सावकाश वाचा म्हणावं, त्यांच्या वेगाने नको.

तुझा लोभ आहे तसा राहू दे.
छोटू

ता. १९ मार्च

प्रिय दंतवैद्यबुवा,
स. न. वि. वि.

पस्तीस वर्षं शॉर्टहँड शिकवलेल्या माणसाला सावकाश वाचायला सांगतोस! तरी घड्याळ समोर ठेवून मिनिटाला चाळीस शब्दांवर आलो. दुपार होती, पडदे ओढलेले. तू लिहिलेला जिना मी तिला पायरी पायरीने उतरवत होतो. श्वास संथ झाला, चेहरा इतका सैलावला की माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी तीच मुलगी दिसू लागली. एवढ्यात तिचा उजवा हात चादरीवर चालायला लागला. विद्यार्थिनी कुणाची! बाईसाहेब डिक्टेशन घेत होत्या. मी गंमत म्हणून बोटांत पेन्सिल दिली, खाली वही सरकवली.

तुझा कागद संपला, मी गप्प झालो. पेन्सिल थांबली नाही.

शॉर्टहँडच्या रेघा वाकड्यातिकड्या होत्या, पण मला वाचता आल्या. पुलाचं नावही नव्हतं. लेकीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं तेव्हा, मी घरात नसताना, तुझी ताई तिला म्हणाली होती की तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही. तेच वाक्य अकरा वेळा लिहिलं होतं. दोघींपैकी एकीनेही मला हे कधी सांगितलं नाही, आणि आपण बिचाऱ्या पुलाला बोल लावत बसलो.

जागी झाल्यावर वही दाखवली. खूप रडली. पण जाते म्हणत नाही, शब्द दिलाय म्हणते. मला फार वाईट वाटतंय रे.

आठवण ठेव.
तुझा भाऊजी

ता. २२ एप्रिल

चि. छोटूस,
अ. उ. आ.

नात झाल्याचं लेकीने मामाला आधी कळवलं, आईला नाही! तुझं कार्ड वाचून असा राग आला की रागातच चपला घातल्या. सकाळी धुकं होतं, खाली पाणी दिसतच नव्हतं. हे शेजारून काहीबाही बोलत राहिले आणि पूल संपलासुद्धा.

दाराशी मात्र पाय थांबले. लेकीने दार उघडलं. मी तिला खरं सांगितलं, की तोंडातून गेलेला शब्द मला गिळता येत नाहीये. तिने आतून दोन खुर्च्या आणून जिन्याच्या चौकात मांडल्या आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. शेजारीपाजारी आम्हाला वळसा घालून जात होते. बाळाचा श्वास पिसासारखा हलका. त्याच्याकडे बघता बघता किती वेळ गेला, देव जाणे.

मग नात किरकिरायला लागली. मी उठले, खांद्यावर घेतली, थोपटत चालत राहिले. ती झोपली तशी अलगद पाळण्यात ठेवली, दुपटं सारखं केलं, आणि मान वर केली तर दार माझ्या मागे होतं.

तब्येतीला जप, आणि म्हातारीवरची माया कमी करू नकोस.
तुझी ताई