कांताची डबी

मुरुड, ता. १२ जून २०२५

ती. गं. भा. महादेवीअक्काच्या चरणी धाकट्या मन्मथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारच्यांना वाटतं आपलं भांडण लागलंय, म्हणून पत्रच बरं. इथं सगळे खुशाल. आपलं संग्रहालयही चाललंय. दाळमिलची मुकादमकी सुटल्यावर मी चावडीच्या दोन खोल्यांत जुनं भंगार मांडून बसलोय असं तू म्हणतेस, पण दर शनिवारी शाळेची पोरं रांगेनं येतात बघ. मागं बायकांना बोलावून जात्यावर बसवलं, तर पिठापेक्षा गप्पाच जास्त पडल्या. यंदा आम्ही टेम्पो घेऊन खेडोपाडी फिरतोय, घरात पडलेली जुनी वस्तू द्या म्हणून.

संग्रहालयातल्या भूकंपाच्या खोलीचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, तरी एक सांगतो. साहेबराव कांबळे म्हणून एसटीचे रिटायर ड्रायव्हर आहेत. तरुणपणी ते त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगारे उपसायला गेले होते. तिथं मातीत त्यांना इष्टलिंगाची चांदीची डबी सापडली, आपल्या लोकांच्या गळ्यात असते तशी. छावणीत विचारलं तर ओळख सांगणारं कुणी उरलं नव्हतं. विकायची तर नाहीच आणि टाकवतही नाही, म्हणून एवढी वर्षं कपाटात जपली. आता आम्हाला दिली. घडण लई सुरेख. फक्त एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडल्यासारखं झालंय, आणि कडीला तांब्याची तार आहे. आमच्या समितीचे अध्यक्ष रविकिरण गुरुजी यांनी तिचा फोटो पत्रकावर छापलाय. एक पत्रक सोबत ठेवतो.

गुडघ्याला तेल लावत जा. भावावर माया असू दे.

तुझा मन्मथ


धर्माबाद, ता. २० जून

चि. मन्मथ यास महादेवीचे अनेक आशीर्वाद.

उंदीर नव्हे रे. माझ्या कांताचे दुधाचे दात आहेत ते.

हिरड्या शिवशिवल्या की ती गळ्यातली डबी तोंडात धरायची. तुझ्या दाजींनी एकदा ओढली तर कडी तुटली. सोनार गावाला गेलेला, म्हणून त्यांनी स्वतःच तांब्याची तार ओवली, आणि मग ती तशीच राहिली. तू पुरुष माणूस, पोरीच्या कपड्याआडची डबी तुला कुठली ठाऊक असणार! तुझा भाचा मल्लिनाथ पत्रक वाचून दाखवायच्या आधीच मी फोटोवर बोट ठेवलं. सूनबाई म्हणाली, अशा डब्या घरोघर असतात. असतील. दात घरोघरचे नसतात.

तिचं लग्न होऊन वर्ष उलटलं नव्हतं, तोच भूकंप झाला. आपण पोचलो तोवर सगळ्यांना एकाच सरणावर दिलेलं, आठवतं ना? आपल्यात मातीत बसवतात, तळहातावर इष्टलिंग देतात. माझी पोर लाकडावर गेली, कुणाच्या शेजारी तेही मला माहीत नाही. घरातल्या सगळ्यांच्या समाधीला मी बेल वाहते, तिच्यासाठी आणलेला बेल पदरात तसाच वाळतो.

इथल्या स्वामींना विचारलं. अंग नाही तर नुसत्या इष्टलिंगाला समाधी देता येईल म्हणाले. तुझ्या दाजींच्या शेजारी जागा आहे. मल्लिनाथला पाठवते, त्याच्याजवळ दे. एवढं झालं की मी मोकळी.

म्हातारीवर लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी अक्का


मुरुड, ता. २६ जून

ती. अक्काच्या चरणी मन्मथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठलो. साहेबरावांना जाऊन विचारलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, ते कांताच्या सासरचंच निघालं.

पण अक्का, जरा अडचण आहे. वस्तू एकदा संग्रहालयाची झाली की समितीला विचारल्याशिवाय हलवता येत नाही. समितीची बैठक पावसाळ्यानंतर. पत्रकं जिल्हाभर गेलीत, औशाकडच्या दोन शाळा खास ती डबी बघायला येणार आहेत. तेव्हा तूर्त मल्लिनाथला पाठवू नकोस. बैठक झाली की मी स्वतः घेऊन येतो. इकडं पाऊस बरा आहे, सोयाबीन चांगलं उगवलंय. तुझ्या गुडघ्याला लातूरच्या डॉक्टरला दाखवावं असं माझ्या मनात आहे.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा मन्मथ


धर्माबाद, ता. ३ जुलै

चि. मन्मथ यास आशीर्वाद.

गुडघ्याचं राहू दे. शिंक्यातलं दही खाल्लंस की लहानपणीही असाच पाऊसपाण्यावर बोलायचास. ओठाला दही तसंच असायचं.

हे बघ, डबी मला नको. चांदी तुझ्या समितीची, तिच्यावरचे दात पोरांना दाखव, पत्रकं वाट. मला आतलं इष्टलिंग तेवढं दे. लेकराचं लिंग आईला द्यायला कसली बैठक लागते?

मल्लिनाथनं सोमवारी जागा खणून घेतली. मी काठी टेकत जाऊन आत बघून आले. माती चांगली आहे, काळी, ओलसर. पाणी शिरू नये म्हणून वर पत्रा टाकलाय. उघडी समाधी जास्त दिवस ठेवू नये म्हणतात. उशीर करू नकोस रे.

अक्का


मुरुड, ता. ९ जुलै

ती. अक्काच्या चरणी डोकं ठेवतो.

इष्टलिंग नाही, अक्का.

डबी आली तेव्हा आत होतं. साहेबरावांनी धोतराच्या मऊ चिंधीत गुंडाळून ठेवलेलं. मी उघडलं, डोळ्यांना लावलं. कुणाच्या तरी अंगावरचं लिंग काचेच्या पेटीत, पूजेवाचून, चपला घातलेल्या माणसांपुढं मांडायचं माझ्या जिवाला पटेना. गुरुजींना विचारलं नाही, स्वामींनाही विचारलं नाही. आपल्यातलंच आहे, आपल्याला कळतं, असं वाटलं. विभूती लावली, बेल वाहिला आणि मांजरा नदीच्या डोहात सोडलं. जिचं असेल तिला शांती मिळो म्हणालो. घरी येऊन पोटभर जेवलो. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या सोमवारची ही गोष्ट.

समितीचं मी खोटं लिहिलं. गुरुजी तर म्हणाले होते, आईची वस्तू आहे, आजच्या आज द्या.

तुझं पत्र आल्यावर भोयांना डोहात उतरवलं. साहेबरावही आले, कमरेएवढ्या पाण्यात माझ्याशेजारी उभे राहिले. गाळासंगं गोटेच गोटे वर आले. सगळे काळे, सगळे गुळगुळीत. मी एकेक हातात घेऊन बघत होतो. शेवटी साहेबरावांनीच माझा हात धरून काठाला आणलं.

काय म्हणायचं ते म्हण, पण लिही.

मन्मथ


धर्माबाद, ता. १६ जुलै

चि. मन्मथ यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. मल्लिनाथला दोनदा वाचायला लावलं.

साहेबरावांनी परक्याचं म्हणून जपलं. तू आपलं म्हणून हात घातलास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मी जाणते. तसं काही असतं तर तुला शिव्या तरी घातल्या असत्या.

स्वामी म्हणाले, विभूतीचा गोळा ठेवू, नाव घेऊ, समाधी झाली असं समजू. मी नको म्हटलं. ती तिथं नाही, तर आहे असं मी कुणाला सांगू? रिकामीच बुजवून घेतली. मी खड्ड्याच्या पाळीवर बसून होते. रात्रीच्या पावसानं माती खाली बसली, सकाळी मल्लिनाथनं आणखी दोन टोपल्या टाकल्या. आता जमीन सारखी झाली आहे. कुठं खणलं होतं ते चार दिवसांत कळणारही नाही.

डबी तिथंच राहू दे. पोरं विचारतील तर तुझी भाची होती म्हणून सांग. पाण्याचंही सांग, लपवू नकोस. सांगताना रडू मात्र नकोस, पोरं घाबरतात. साहेबरावांना माझा नमस्कार कळव. धर्माबादेत कधी आले तर आमच्याकडं जेवल्याशिवाय त्यांना जाऊ देणार नाही.

तू मात्र या पंचमीला मला न्यायला येऊ नकोस. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाहीस, ठाऊक आहे. दारात उभा राहिलास तर माझ्या तोंडून काय निघेल ते माझं मलाच माहीत नाही, आणि निघालेलं परत घेता येत नाही.

माया आहे का म्हणून विचारू नकोस. आहे. सध्या इथूनच करते.

तुझी अक्का