व्हिटॅमिन सीची बाटली

कॉव्हेंट्री,
१९ फेब्रुवारी

प्रिय मंजू,

तुझे सगळे मिस्ड कॉल मी पाहिले आहेत. नोव्हेंबरपासून मी तुझ्याशी पाच मिनिटांच्या वर बोललेली नाही, आणि बोलले तेही थंडी किती पडली एवढंच. तू रागावली असशील. श्रीनिवासांना आंघोळ घालायला नर्स आली आहे, तिला पाऊण तास लागतो, म्हणून कागद घेऊन खाली स्वयंपाकघरात बसले आहे. हाताने मराठी लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर सांभाळून घे.

ऑगस्टमध्ये तू आलीस तेव्हा त्यांची अवस्था तू पाहिलीस. कॅन्सर हाडांत उतरलेला. मॉर्फिन वाढवलं की उलट्या, कमी केलं की कण्हणं. गांजापासूनचं औषध इथे खासगी स्पेशालिस्टकडून कायदेशीर मिळतं, तोही दरवाजा मी ठोठावला होता. हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून त्या डॉक्टरांनी नकार दिला. मग याच टेबलावर तू तुझ्या पर्समधून तो डबा काढलास. मिनेसोटातल्या तुमच्या घराजवळच्या किराणा दुकानात सरबतांच्या बाटल्यांशेजारी ठेवलेल्या असतात म्हणालीस. केशरी रंगाच्या, साखर लावलेल्या, चघळायच्या मऊ गोळ्या, गमीज. एकेकीत पाच मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य. डब्यावर हेम्प लिहिलंय, म्हणजे त्याच जातीचं पण कायद्याने चालणारं झाड, गांजा नाही, असं तू मला दोनदा दाखवलंस. तुझी तनया राहते त्या आयडाहो राज्यात मात्र हेच जवळ सापडलं तर पकडतात, म्हणून तिच्याकडे जाताना डबा घरी ठेवावा लागतो, हे सांगताना तू हसत होतीस. मीही हसले. आणि मंजू, मी एकतीस वर्षं फार्मसिस्ट आहे. इथला कायदा डब्यावर हेम्प लिहिलंय की आणखी काही ते बघत नाही, आत टीएचसी आहे का एवढंच बघतो, हे मला तोंडपाठ होतं. तुला नव्हतं. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू डबा परत पर्समध्ये टाकला असतास.

श्रीनिवासांना कळू द्यायचं नाही हे आपण दोघींनी मिळून ठरवलं. ते रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हिरव्या दिव्याची वाट बघत उभे राहणारे. त्यांनी हात लावला नसता. मग तू म्हणालीस, हाडांसाठी अमेरिकन व्हिटॅमिन आहे म्हणून सांगू. आणि मी कपाटातली व्हिटॅमिन सीची बाटली धुऊन, पुसून, त्यात त्या गमीज भरल्या. लेबल तसंच राहू दिलं. दुकानात माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

पुढचे दोन महिने कसे गेले ते तुला फोनवर कळत होतं. ते जेवायला लागले. सलग पाच-पाच तास झोपायला लागले. एकदा तर बागेत खुर्ची टाकून बसले आणि शेजारच्या बाईंना गाडीचा गिअरबॉक्स कसा चालतो ते अर्धा तास समजावत होते. त्या सगळ्याचं श्रेय ते तुझ्या व्हिटॅमिनला द्यायचे आणि मला वाटायचं, आपण बरोबर केलं.

आता क्षितिजचं सांगते. तुला मी सांगितलं की त्याने नोकरी बदलली. ते खरं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तो नेहमीसारखा वडिलांची दाढी करायला आला. घसा बसला होता, खोकत होता. तुला ठाऊक नसेल, ट्रेन ड्रायव्हर झाल्यापासून या मुलाने मला विचारल्याशिवाय साधं खोकल्याचं औषध घेतलेलं नाही. नऊ वर्षं. ॲलर्जीची गोळीसुद्धा पाकिटावरचं सगळं मला फोनवर वाचून दाखवून मगच घ्यायचा. कारण ड्रायव्हरांची केव्हाही, न सांगता नशेसाठी लघवीची तपासणी होते. त्या दिवशी मी भाजी आणायला गेले होते. श्रीनिवास त्याला म्हणाले, अरे, मावशीचं व्हिटॅमिन सी आहे, दोन घे, घशाला बरं वाटेल. त्याने बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि दोन खाल्ल्या. संध्याकाळी त्याला गरगरलं. ताप येणार असं समजून तो लवकर झोपला. मंगळवारी डेपोत गेल्या गेल्या तपासणीसाठी त्याचं नाव निघालं.

रिपोर्ट आल्यावर तो थेट इथे आला. बूटही काढले नाहीत. त्याला वाटत होतं लॅबने घोळ घातलाय, दुसरा नमुना तपासून घेऊ, आई तू पत्र लिहून दे. मी त्याला याच खुर्चीवर बसवलं आणि बाटलीत काय होतं ते सांगितलं. त्याने बूट काढून दाराशी नेऊन ठेवले. मग म्हणाला, “आई, मी लेबल वाचला होता.”

त्याचं लिंगवचन लहानपणापासून चुकतं आणि मी लहानपणापासून सुधारत आले आहे. त्या दिवशी सुधारलं नाही. मग तो म्हणाला, “बाबांना कधी सांगू नकोस. त्यांनी दिला मला.”

कंपनीच्या चौकशीत मी गेले. सगळं लिहून दिलं, बाटलीसकट. तिघं होते समोर, अगदी सभ्य माणसं. मला पाणी विचारलं. माझ्यावर विश्वास बसतो असंही म्हणाले. पण ज्याच्यामागे पाचशे माणसं बसलेली असतात त्या ड्रायव्हरच्या शरीरात काय आहे याची जबाबदारी त्याचीच, न कळत घेतलं तरी. त्याला काढून टाकलं. अपील केलं, तेही गेलं. आता तो मोटरवेजवळच्या एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलतो. दुसरी कुठलीही रेल्वे कंपनी त्याला घेणार नाही. फार्मसिस्टांच्या नियामक संस्थेला मी स्वतःच कळवलं आणि चौकशी संपेपर्यंत माझं काम बंद झालं आहे. त्याचं मला काही वाटत नाही, खरंच.

क्षितिज अजून दर रविवारी येतो. वडिलांची दाढी करतो. श्रीनिवास विचारतात, आज कुठली गाडी होती, आणि तो सांगतो लंडन यूस्टनची, किंवा बर्मिंगहॅमची, आणि रग्बी गावाजवळ सिग्नलला किती मिनिटं थांबावं लागलं तेही सांगतो. मी दाराआड उभी राहून ऐकते. मग तो खाली येतो, आपला कोट घेतो आणि जातो. माझ्याशी बोलत नाही. सूनबाई शिल्पा मेसेज करते, आई, त्याला वेळ द्या. मी देते आहे. पण त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला काही आशा वाटली असती. तो नुसता थकलेला दिसतो, आणि आपण नवीन माणसाशी वागतो तसं जपून ‘थँक यू’ म्हणतो.

गमीज तेव्हाच बंद झाल्या. श्रीनिवासांना सांगितलं, अमेरिकेहून येणं थांबलं. वाचलं की तुमच्याकडेही आता देशभर बंद होणार आहेत, तसा कायदा झालाय म्हणे. आता त्यांना मशीनमधून मॉर्फिन जातं. दिवसातला तासभर ते शुद्धीवर असतात आणि त्यात तुझं नाव काढतात. परवा म्हणाले, “मंजू येणार आहे ना? तिला सांग, ती व्हिटॅमिनं घेऊन ये. त्यांनीच जरा बरा होतो.” हॉस्पिसच्या डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे, फार तर चार. तुझं तिकीट नऊ मार्चचं आहे, म्हणजे तू वेळेत पोचली असतीस.

म्हणून हे पत्र. नियामक संस्थेकडून प्रकरण पोलिसांकडे गेलं आणि मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं होतं. वकीलबाई बरोबर होत्या. प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तरी चालेल असं त्यांनी मला आधी बजावलं होतं. समोरच्या तरुण ऑफिसरने विचारलं, हे देशात कोणी आणलं. मंजू, त्याने एकदाच विचारलं. मला वाटलं, पूर्ण खरं सांगितलं तर क्षितिजचं प्रकरण कदाचित कोणी पुन्हा उघडेल. मी तुझं पूर्ण नाव, पत्ता, तू कुठल्या तारखेला हीथ्रोला उतरलीस, सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या की त्याने क्षितिजला काडीचा फायदा होणार नाही, आणि बंदी असलेली वस्तू देशात आणणं हा ती जवळ बाळगण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. तू उतरलीस तर तुला विमानतळावरच थांबवतील. तू येऊ नकोस. तिकीट रद्द कर आणि मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. श्रीनिवासांना मी सांगेन की तुला सुट्टी मिळाली नाही. ते मानतील. माझं सगळंच ते खरं मानतात.

तू म्हणू देशील तर, तुझीच
सुनीतीताई