पाच माणसांत तुम्ही नाही

पप्पा, रविवारी माझं लग्न आहे आणि तुम्हाला बोलावणं नाही. इथे लॉकडाऊनमुळे लग्नाला पाचच माणसं चालतात: आम्ही दोघी, लग्न लावणारी बाई आणि दोन साक्षीदार. तुम्ही जिवंत असता तरी मी तुम्हाला सहावंच धरलं असतं, तेव्हा उगाच सरकारला दोष देऊ नका.

तरी तीन आठवडे घरात तुमच्यावरूनच वाजतंय. माझ्या होणाऱ्या बायकोला लग्नाच्या टेबलावर वंदनेच्या तसबिरींच्या शेजारी तुमचा फोटो हवाय. मी म्हणते, नको. ती इथलीच, जिलाँग गावची, नर्स आहे. दिवसभर मास्कमध्ये घामाघूम होऊन टार्निटला आमच्या घरी परत येते, आंघोळ करते आणि ओल्या केसांनी बौद्ध लग्नातलं त्रिसरण पाठ करायला बसते. पाठ करून कोण घेतं? मी, आणि तेही तुमच्याच चालीत. नवऱ्याच्या पाच आणि नवरीच्या पाच, दहाही प्रतिज्ञा दोघींनी म्हणायच्या असं ठरवलंय. म्हणजे घराचा कारभार मी तिच्या हाती देणार आणि ती लगेच माझ्या हाती परत. यावर ती हसत सुटते. मला मात्र राग येतो, की स्वतःच्या लग्नातसुद्धा मला तुमच्याशिवाय दुसरे शब्द येत नाहीत.

येणार कुठून? दर रविवारी तुम्ही कुणाचं ना कुणाचं लग्न लावत होता आणि मी फुलांचं ताट धरून उभी. एका नवरीने प्रतिज्ञा पुटपुटली, तर तुम्ही सगळं थांबवून माईकवर म्हणालात, पुन्हा म्हण, शेवटच्या रांगेला ऐकू जाऊ दे. नवरदेवाला कधी थांबवलं नाहीत. मग तुमचं भाषण: मुहूर्त नको, हुंडा नको, जात विचारू नका, दोन माणसांची मनं जुळली की लग्न लागलं. टाळ्या. मी ते सगळं खरं मानलं. मूर्खच मी!

म्हणून तर इथल्या क्लेटनच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात तुमच्यासमोर बसून सांगितलं, की मला मुली आवडतात. तुम्ही बोंबील-भाकरी खात होता. घास ताटात ठेवलात.

"हे बाहेर कळलं तर मी लग्नं लावायला कुठल्या तोंडाने उभा राहू?"

एवढंच. मी कशी आहे, एकटी आहे का, काही नाही. वर म्हणालात, तिकडेच राहा. राहिले. सहा महिन्यांत तुम्ही गेलात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण तुम्हाला खपायची नाही, पण बसते तुम्हालाच.

काल तुमचा फोटो फ्रेम होऊन कुरिअरने आला. तिने तो पुसून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "त्यांना कळायची संधीच मिळाली नाही. रविवारी मिळू दे."

मी तो उचलला नाही. कारण ते तिला मीच सांगितलंय. नवी ओळख होती, तिने विचारलं, वडिलांना माहीत होतं का? मी म्हणाले, सांगायच्या आधीच गेले. त्या खोट्याला सात वर्षं झाली. फोटो आता तिथेच राहणार. हे पत्र तिच्या हाती लागायच्या आत मी फाडणार आहे. तुम्ही तिला आवडावेत असं मला वाटत होतं, पप्पा.